बेळगावातलं सॉफ्टवेअर स्टार्टअप: पहिले वीस-पंचवीस लाख कुठून उभे करावेत?

अनगोळकर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पैशाचा विषय आहे, म्हणून सगळे आकडे उघड मांडूनच विचारते.

पुण्यात पाच वर्षं नोकरी करून गेल्या वर्षी घरी परत आले. खानापूरचा एक मित्र आणि मी मिळून फौंड्रीसाठी, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यासाठी, सॉफ्टवेअर बनवलंय. भट्टीतली प्रत्येक हीट (एका वेळची वितळ), तिची केमिस्ट्री, साच्याच्या वाळूच्या टेस्ट, कुठल्या पॅटर्नचे (नमुन्याचे) किती मोल्ड म्हणजे साचे ओतले, त्यातले किती रिजेक्ट झाले आणि कशामुळं, हे सुपरवायझर मोबाईलवर भरतो. संध्याकाळी मालकाला ते एका पानावर दिसतं. स्क्रीन मराठी, कन्नड आणि हिंदीत आहे, कारण एकाच शिफ्टमध्ये तिन्ही भाषांची माणसं असतात. उद्यमबाग आणि मच्छे या इथल्या औद्योगिक वसाहती मिळून चार फौंड्र्या वापरतात. दोघे महिन्याला सहा हजार देतात, दोघांकडं अजून फुकट चालू आहे.

आठ महिन्यांपूर्वी प्रायव्हेट लिमिटेड काढली. रजिस्टर्ड ऑफिस म्हणजे अनगोळमधलं आमचं घर. माझे ६० टक्के, मित्राचे ४०. महिन्याचा खर्च १ लाख ४० हजार: दोन मुलं पगारावर, सर्व्हर, फिरणं. बँकेत सहा लाख उरलेत, म्हणजे येणारे बारा हजार धरून साधारण साडेचार महिने.

समोर तीन वाटा आहेत. मामांच्या ओळखीचे एक उद्योजक २० लाख द्यायला तयार आहेत. त्यांना ३० टक्के हिस्सा हवाय आणि मुलाला डायरेक्टर करायचंय. दुसरी वाट म्हणजे पप्पांचं घर तारण ठेवून पतसंस्थेकडून १५ लाख. पप्पा हो म्हणालेत, आई गप्प आहे. तिसरी, बारा मित्रमैत्रिणी प्रत्येकी एक लाख कंपनीला द्यायला तयार आहेत, महिना एक टक्का व्याजानं.

सरकारी अनुदानाचं नाव काढलं की 'ते बेंगळूरवाल्यांचं, आपल्याला कुठलं मिळतंय' हेच ऐकायला येतं. खरंच तसं आहे का? ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी कृपया लिहा.

उद्यमबागकर

ताई, मी फौंड्रीतच आयुष्य काढलंय. गुंतवणुकीतलं मला फारसं कळत नाही. पण तुम्ही तीन वाटा सांगितल्या, त्यात गिऱ्हाईक कुठंच नाही.

हिशोब सांगतो बघा. महिन्याला दोनशे टन ओतणारी फौंड्री धरा. रिजेक्शन एका टक्क्यानं उतरलं तर दोन टन चांगला माल जास्त निघाला. किलोला शंभर रुपये धरले तर दोन लाख. आता रिजेक्ट झालेला पीस परत भट्टीत जातो, धातू काही वाया जात नाही, म्हणून निम्मं सोडून द्या. वीज, वाळू, कोअर, मजुरी आणि भट्टीचा वेळ तर गेलेलाच असतो. तरी लाखभर रुपये राहिले, दर महिन्याला. आणि तुम्ही घेताय सहा हजार. गिऱ्हाईकाकडं मशीनिंग झाल्यावर ब्लोहोल (ओतकामात राहिलेली हवेची पोकळी) उघडा पडून माल परत आला तर त्याचं नुकसान वेगळंच, ते मी धरलेलंही नाही.

मालकाला महाग वाटेल म्हणून दर कमी ठेवू नका. स्वस्तातली वस्तू आम्ही टेबलावर ठेवतो आणि विसरतो. जे दोघे पैसे देतात त्यांच्यातल्या एकाचं सहा महिन्यांचं रिजेक्शन काढा, तुमचं सॉफ्टवेअर येण्याआधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन. पॅटर्नवार काढा. एकूण टक्का दाखवलात तर मालक म्हणणार की त्या महिन्यात सोपे जॉब होते. तो कागद घेऊन दहा जणांकडं जा. महिना १५ हजार दर सांगा, आणि वर्षाचे एकदम दिले तर दहा महिन्यांचेच घ्या, म्हणजे दीड लाख. आठ जणांनी दिले तरी १२ लाख झाले. एक रुपयाचा हिस्सा गेला नाही, घर गहाण पडलं नाही.

आणि ते फुकट चाललेले दोघे आहेत ना, त्यांना या महिन्यात विचारा. नाही म्हणाले तर का नाही, ते नीट ऐकून घ्या. ती माहिती तुम्हाला पैशापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

अनगोळकर (धागाकर्ती)

काका, हे वाचून रात्री झोप लागली नाही. आम्ही कधीच पॅटर्नवार तुलना काढली नव्हती. पण वर्षाचे पैसे आधी मागायचे म्हणजे, कंपनी दोन माणसांची, उद्या बंद पडली तर, असं त्यांनी विचारलं तर काय सांगू?

उद्यमबागकर

विचारणारच. करारात लिहून द्या की बंद करावं लागलं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत आणि सगळा डेटा एक्सेलमध्ये हातात. आम्ही पॅटर्न बनवायलासुद्धा ॲडव्हान्स देतोच की. माणूस समोर बसून बोलतोय, उद्यमबागेत परत दिसणार आहे, एवढं आम्हाला पुरतं.

शहापूरचा सीए

तिसऱ्या वाटेबद्दल आधी लिहितो, कारण त्यात धोका आहे आणि तो बऱ्याच जणांना दिसत नाही.

बारा मित्रांकडून कंपनीनं व्याजानं पैसे घेतले, तर कंपनी कायद्याच्या नजरेत ते 'डिपॉझिट' होतं. प्रायव्हेट कंपनीला लोकांकडून ठेवी घेता येत नाहीत. २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदाही आहे. आपल्याकडं भिशीची सवय असल्यानं हे सगळं घरगुती वाटतं, पण कंपनीच्या खात्यात पैसे आले की नियम बदलतात. डायरेक्टरनं स्वतः दिलेलं कर्ज चालतं. डायरेक्टरच्या नातेवाइकानं दिलेलंही चालतं, मात्र दोघांकडूनही 'हे पैसे मी दुसऱ्याकडून उसने घेतलेले नाहीत' असं लेखी घ्यावं लागतं. आता नातेवाईक कोण, तर नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ, बहीण आणि एकाच हिंदू अविभक्त कुटुंबाचे सदस्य. मामा या यादीत बसत नाहीत. मित्र तर नाहीतच.

मित्रांना खरोखर सोबत घ्यायचं असेल तर शेअर द्या. कंपनी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणं प्रायव्हेट प्लेसमेंट करायची, म्हणजे ठरावीक माणसांनाच शेअर द्यायचे. ठराव, रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा अहवाल, प्रत्येकाच्या नावानं ऑफर लेटर, वेगळं बँक खातं. रोख एक रुपयाही नाही. मात्र बारा लहान भागधारक सांभाळणं सोपं नसतं. प्रत्येक ठरावाला नोटीस, आणि पुढं मोठा गुंतवणूकदार आला की तो पहिली शंका त्यावरच काढतो. दोघं-तिघंच घ्या, आणि बुडाले तरी ज्यांच्या घरी अडचण होणार नाही अशांचेच घ्या.

काकांनी सांगितलेल्या ॲडव्हान्सबद्दल एक गोष्ट. सेवेचा ॲडव्हान्स हातात आला की त्यावर १८ टक्के जीएसटी लगेच लागू होतो. म्हणून दीड लाख अधिक जीएसटी असंच सांगा, नाहीतर तुमच्या खिशातून जाईल. फौंड्रीवाल्याला त्याचं क्रेडिट मिळतं. त्याला ते जड जात नाही. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या, फुकट आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे देण्याचं बंधन लघुउद्योगांच्या कायद्यानं गिऱ्हाइकावर येतं.

मुद्रा कर्जाबद्दल कुणी सांगेलच म्हणून लिहितो, ते मुळात कंपनी नसलेल्या छोट्या धंद्यांसाठी आहे. तुम्ही आता कंपनी आहात. बँकेकडून बिनतारण कर्ज सीजीटीएमएसई या लघुउद्योगांसाठीच्या सरकारी योजनेच्या गॅरंटीवर मिळू शकतं, पण गॅरंटी बँकेला असते. फेडायचं तुम्हालाच, आणि महिन्याच्या आवकेतून.

निपाणीकर

घर तारण ठेवू नका.

मी ठेवलं होतं. तंबाखूच्या व्यापाऱ्यांसाठी गोदामाच्या हिशोबाचं ॲप काढलं होतं. एका पतसंस्थेनं १५ लाख दिले, १४ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. हप्ता पस्तीस हजारांच्या जवळ. व्यापाऱ्यांचे पैसे हंगामात येतात आणि हप्ता दर महिन्याला जातो, हे मला सही करताना सुचलंच नाही. सातव्या महिन्यापासून हप्ते थकले. वसुलीची माणसं दुपारी घरी यायची, मी बाहेर असताना, आणि दारात उभी राहून आईशी बोलायची. ॲप मी बंद केलं, नोकरी धरली, तीन वर्षांत सगळं फेडलं. घर वाचलं. पण आईनं त्या दुपारांबद्दल माझ्याशी अजून एक शब्द काढलेला नाही.

तुमची आई गप्प आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे लिहिलं.

वडगावचा, सध्या बेंगळूर

मी स्टार्टअपमध्ये पैसे घालणाऱ्या एका फंडात काम करतो. २० लाखांना ३० टक्के म्हणजे काय ते कागदावर बघू या.

याचा अर्थ पैसे आल्यानंतर कंपनीची किंमत ६६ लाख ६७ हजार. तुमचे ६० टक्के ४२ होतात, मित्राचे ४० टक्के २८. दोघांचे मिळून ७०. पुढं गुंतवणुकीच्या दोन फेऱ्या झाल्या आणि प्रत्येकीत २० टक्के गेले, तर तुमच्याकडं ४४.८ उरतात. कर्मचाऱ्यांना द्यायच्या शेअरसाठी दहा टक्के (इसॉप) बाजूला ठेवले की ४० च्या आसपास. पहिले २० लाख देणाऱ्याकडं तेव्हाही १७ टक्के असतील. असा भागधारकांचा तक्ता घेऊन कुणी आमच्याकडं आलं की आम्ही विचारतो, 'रोज काम करणाऱ्यांकडं पुढं उरणार किती?' उत्पादन चांगलं असूनही एवढ्यावरून बोलणी थांबलेली मी पाहिलीत.

पहिल्या पैशाला १० ते १५ टक्के द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. डायरेक्टरपदाची अट तर मान्य करू नका. मुलाला यायचं असेल तर विक्रीत काम करू दे, काम केल्यावर शेअर मिळवू दे.

किंमत आत्ता ठरवायची नसेल तर दुसरे मार्ग आहेत. कन्व्हर्टिबल नोट (पुढं शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज) फक्त डीपीआयआयटी या केंद्राच्या उद्योग विभागाची मान्यता असलेल्या स्टार्टअपलाच काढता येते, आणि एका व्यक्तीकडून एकाच वेळी किमान २५ लाख घ्यावे लागतात. म्हणजे २० लाखांना ती चालणार नाही. आयसेफ चालेल. कागदोपत्री ते कन्व्हर्टिबल प्रेफरन्स शेअरच असतात, आणि पुढच्या फेरीत ठरलेल्या किमतीवर सवलतीनं त्यांचे शेअर होतात. हिस्सा ज्या किमतीला विकाल त्यावर पूर्वी एंजल टॅक्सची भीती असायची, तो २०२४ च्या जुलैमधल्या अर्थसंकल्पात काढून टाकला.

अजून एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. तुम्ही आणि खानापूरचे मित्र, दोघांच्या शेअरना व्हेस्टिंग लावा, म्हणजे काम करत राहाल तसे शेअर हळूहळू हक्काचे होतील. चार वर्षं, पहिलं वर्ष पूर्ण झाल्याशिवाय काहीच नाही. मैत्री चांगली असतानाच हे लिहून होतं.

आमच्यासारख्या फंडाकडं यायची घाई मात्र करू नका. आम्हाला कंपनी काही वर्षांत कितीतरी पटींनी वाढलेली हवी असते. फौंड्र्या बेळगाव-कोल्हापुरात आहेत, राजकोटला आहेत, कोइमतूरला आहेत. बाजार लहान नाही. पण मालकाचा विश्वास बसायला लागणारा वेळ पैसे ओतून कमी होत नाही. झोहोनं १९९६ पासून बाहेरचं भांडवल न घेता गिऱ्हाइकांच्या पैशावरच कंपनी उभी केली, आणि तेनकाशीसारख्या ठिकाणी ऑफिस चालवलं. तुमचं काम मला त्या जातीचं वाटतं.

कोल्हापूर शिरोली

ताई, कंपनी कोल्हापूरला हलवा की! शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, तिन्ही एमआयडीसीत गिऱ्हाईक आहे. महाराष्ट्राच्या योजना मिळतील. राज्य सरकारच्या आधीच्या स्टार्टअप वीकमध्ये निवडलेल्या २४ जणांना सरकारी खात्यांकडून १५ लाखांपर्यंतची वर्क ऑर्डर दिली होती.

शहापूरचा सीए

दादा, कळकळ समजते. पण योजनेसाठी कंपनीचं रजिस्टर्ड ऑफिस कुठल्या राज्यात आहे ते बघतात. आपण मराठी बोलतो किंवा आपलं गाव महाराष्ट्रानं मागितलेल्या ८६५ गावांच्या यादीत आहे, यानं कंपनीचा पत्ता बदलत नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ऑफिस न्यायचं तर विशेष ठराव, वर्तमानपत्रात जाहिरात, केंद्राच्या कंपनी खात्यातल्या रीजनल डायरेक्टरची मंजुरी, असं सगळं करावं लागतं. साडेचार महिन्यांचे पैसे असलेल्या कंपनीनं त्यात पडू नये. कोल्हापुरात विकायला मात्र काहीच अडचण नाही. बिलावर सीजीएसटी-एसजीएसटीऐवजी आयजीएसटी लावायचा, एवढाच फरक.

धारवाड-बेळगाव

अनुदान बेंगळूरवाल्यांनाच मिळतं हे मीही ऐकत मोठा झालो. म्हणून अर्जच करत नव्हतो. ते चुकीचं होतं.

कर्नाटक सरकारचं 'एलिव्हेट' २०१७ पासून आहे. निवड झाली तर ५० लाखांपर्यंत अनुदान, आणि त्या बदल्यात हिस्सा द्यावा लागत नाही. त्यासाठी कंपनी कर्नाटकात नोंदलेली हवी आणि कर्नाटक स्टार्टअप सेलकडं नाव हवं. शिवाय 'बियाँड बेंगळुरू' या बेंगळूरबाहेरच्या शहरांसाठीच्या कार्यक्रमात हुबळी-धारवाड-बेळगाव हा एक वेगळा क्लस्टरच धरलाय. बेळगावातून चांगला अर्ज जाणं ही त्यांचीही गरज आहे, हे मनात ठेवून जा.

भाषेची भीती मला होती. अर्ज इंग्रजीत भरला, पिचही इंग्रजीत केलं. तुमच्याकडं तर कन्नड स्क्रीन आहे. ती पहिल्या मिनिटात दाखवा. मोल्डिंगवरचा माणूस आपल्या भाषेत वाचून नोंद करतोय, हे परीक्षकांना चार स्लाइडपेक्षा लवकर कळतं.

अनुदानाचे पैसे हप्त्यांनी येतात, आधीच्या हप्त्याचा खर्च दाखवल्यावर पुढचा. म्हणून पगार त्यावर लावू नका. नवीन मॉड्यूल, टेस्टिंग, पेटंटचा खर्च असं काही लावा.

त्याआधी डीपीआयआयटीची मान्यता घ्या. ऑनलाइन आहे, फी नाही. तिच्याशिवाय केंद्राच्या बऱ्याच योजनांचं दार उघडत नाही. स्टार्टअप इंडिया सीड फंड २०२१ मध्ये आला. त्यात प्रोटोटाइप आणि चाचण्यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान, आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा कन्व्हर्टिबलची सोय केली. पैसे इनक्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या संस्थेमार्फत. कंपनीला अर्जाच्या दिवशी दोन वर्षं पूर्ण झालेली नसावीत. तुमची आठ महिन्यांची आहे, म्हणजे घड्याळ चालू आहे. आणि सरकारकडून आधीच दहा लाखांपेक्षा जास्त मदत घेतली असेल तर त्यात बसत नाही. त्यामुळं आधी सीड फंड की आधी एलिव्हेट, हा क्रम विचार करून ठरवा. नवे अर्ज चालू आहेत का ते पोर्टलवर बघूनच पुढं जा.

निधी-प्रयास या केंद्राच्या योजनेचं कुणी सुचवलं तर वेळ घालवू नका, ते हातात धरता येणाऱ्या वस्तूच्या प्रोटोटाइपसाठी आहे. नुसतं सॉफ्टवेअर त्यात घेत नाहीत. भट्टीचं तापमान थेट वाचणारं उपकरण बनवणार असाल तर गोष्ट वेगळी.

इनक्युबेटरसाठी हुबळीला देशपांडे स्टार्टअप्सकडं एकदा जाऊन या. सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं.

बिदरची लेक

थोडी भर घालते, कारण यात आमच्याकडच्या मुलींचा नेहमी घोळ होतो. बिदर कल्याण कर्नाटकात येतं, बेळगाव कित्तूर कर्नाटकात. कल्याण कर्नाटकसाठी एलिव्हेटची वेगळी फेरी काढलेली आहे, ती बेळगावला लागू नाही. पण महिला संस्थापकांसाठीही वेगळी फेरी झाली आहे, आणि ती तुम्हाला लागू पडते. जाहिरात आली की अटी स्वतः वाचा. कुणाच्या तरी व्हॉट्सॲप मेसेजवर विसंबून माझी एक तारीख चुकली.

ताई, तुमचे ६० टक्के आहेत. ते कमी होऊ देताना दहादा विचार करा. मुलगी पुढं आहे म्हटल्यावर 'आमचा मुलगा डायरेक्टर' हे फार सहज बोललं जातं.

अनगोळकर (धागाकर्ती), तीन आठवड्यांनी

सगळ्यांना काय झालं ते सांगायला आले.

पॅटर्नवार कागद काढला. सगळ्या पॅटर्नमध्ये फरक नाही पडलेला, हे प्रामाणिकपणे सांगते. पण एका पंप बॉडीच्या पॅटर्नमध्ये रिजेक्शन ९ टक्क्यांवरून साडेपाचवर आलं. दुसऱ्या शिफ्टला वाळूतला ओलावा सतत जास्त जात होता, आणि तो नोंदीत पहिल्यांदाच दिसला. त्या मालकांनीच तिघांना फोन केले. आतापर्यंत सहा जणांकडं जाऊन आलो. तिघांनी वर्षाचे दीड लाख अधिक जीएसटी दिले, एकजण दर महिन्याला १५ हजार देणार. फुकटवाल्यांपैकी एकानं बंद केलं. कारण विचारलं, तर त्यांचा सुपरवायझर रात्री घरी जाऊन वहीवरून नोंदी भरत होता, शॉपमध्ये नेटच येत नाही. आम्हाला हे माहीतच नव्हतं. आता नेट नसतानाही चालेल असं करतोय.

घराचा विषय संपवला. आईला सांगितलं तेव्हा ती फक्त 'बरं' म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. निपाणीकर दादा, तुमचे फार आभार.

मामांच्या ओळखीच्या काकांना भेटून १० लाखांना १० टक्के, डायरेक्टरपद नाही, असं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. राग मात्र धरला नाही, त्यांच्याच एका पाहुण्यांच्या फौंड्रीचा नंबर दिला. मित्रांपैकी दोघींकडून प्रत्येकी दोन लाख शेअरपोटी घेतोय, बाकीच्यांना नको म्हटलं. डीपीआयआयटीचा अर्ज टाकलाय. मित्राबरोबर व्हेस्टिंगचं बोलणं झालं, तोच म्हणाला की मी काढणार होतो विषय. एलिव्हेटची पुढची जाहिरात निघाली की भरणार. बोलावणं आलं तर वंदे भारतनं बेंगळूरला जाऊन येऊ.

शहापूरचा सीए

छान केलंत. दोघींचे पैसे वेगळ्या खात्यातच घ्या. पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर वाटप, आणि वाटपानंतर १५ दिवसांत पीएएस-३ हा वाटपाचा फॉर्म भरायचा. तो भरल्याशिवाय त्या चार लाखांना हात लावता येत नाही, त्यामुळं पुढच्या महिन्याच्या पगारात ते धरू नका. ऑफर लेटर पाठवण्याआधी मसुदा एकदा मला दाखवा, शनिवारी दुपारी ऑफिसला असतो.

उद्यमबागकर

नेट नसताना चालायला लागलं की सांगा. आमच्या शॉपमध्येही रेंज नाही. दीड लाखाचा चेक तयार ठेवतो.